मधली जोडी

डबा हिसका देऊन थांबला, पुढे झुलला, मागे झुलला आणि तारेवर लटकत राहिला. कासिआनच्या हातातल्या पावावरचा खारवलेल्या मांसाचा काप घसरून त्याच्या मांडीवर पडला.

"झालं!" समोर बसलेली त्याची मुलगी बुर्गी म्हणाली. "नेमकं आजच."

"वारा आहे. सुटेल." त्यानं काप उचलून तोंडात टाकला. "तू पण खा. आईनं तुझ्यासाठी दिलंय. माझ्यासाठी ती एवढे जाड काप कापत नाही."

"परीक्षेआधी माझ्या घशाखाली काही उतरत नाही, माहीत आहे तुला."

चार जणांचा जुना डबा, आत दोघंच. खाली फरच्या झाडांचे पांढरे शेंडे होते आणि वर ढगात शिरणारी तार. डोंगरावरचं स्टेशन त्या ढगातच कुठंतरी होतं. काचा बाहेरून गोठल्या होत्या. दाराशेजारचा तेवढा तुकडा स्वच्छ होता, कारण तिथं बाहेरच्या खोबणीत स्कीच्या दोन जोड्या उभ्या होत्या आणि डबा हलला की त्या काचेवर घासत होत्या. दोन्ही बुर्गीच्याच. एक लाल, अरुंद. दुसरी राखाडी, मधल्या रुंदीची. वारा आला की राखाडी जोडी काचेवर टकटक करी. कासिआन तिच्याकडे बघायचं टाळत होता.

त्या राखाडी जोडीच्या कडा त्यानं काल दुपारी मारून टाकल्या होत्या.

स्कीच्या तळाला दोन्ही बाजूंनी पोलादाची बारीक कड असते. गोठलेल्या उतारावर माणसाला धरून ठेवते ती हीच. तिची धार गेली की स्की म्हणजे ओल्या फरशीवरचा साबण. कासिआननं सारा जन्म गावाच्या स्कींना धार लावण्यात घालवला होता. काल बुर्गी लहान मुलांना शिकवायला उतारावर गेली, तेव्हा त्यानं तळघराचं दार आतून लावलं, राखाडी जोडी बाकावर उलटी घातली आणि चारही कडांवरून कानस आडवी फिरवली. वरून रबरी खडा घासून त्या चमकवल्याही. बघणाऱ्याला वाटावं, काय सुरेख काम केलंय.

बुर्गी तपासणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ओबरगांड गावात कासिआनच्या तळघरातून आलेल्या स्कीच्या कडेवर कुणी नख ओढून बघत नाही. बाकी सगळीकडे बघतात. नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार चांगली. पण कासिआनच्या हातच्या स्कीवर नख ओढणं म्हणजे पाद्रीबाबांना, आज प्रार्थना नीट म्हटलीत ना, असं विचारण्यासारखं होतं. एकदा एका पाहुण्यानं ते केलं, तेव्हा दुकानातली गिऱ्हाइकं त्याच्याकडे चोराकडे बघावं तशी बघायला लागली होती.

आज डोंगरातल्या बचाव पथकाची परीक्षा होती. पथकात पगार नाही, मान आहे. बर्फाचा कडा कोसळला, कुणी घळीत अडकलं, की गावातली ही माणसं हातातलं काम टाकून निघतात. परीक्षेची सुरुवात दर वर्षी सरावाच्या उतारावर होते. तो उतार यंत्रानं रोज लाटलेला असतो, पोळीसारखा गुळगुळीत. तिथं सगळ्यांच्या देखत बुर्गी घसरेल, फार तर बुडावर आपटेल आणि पथकाचा म्होरक्या सेव्हेरिन म्हणेल, पोरी, पुढच्या वर्षी ये. कासिआनचा हिशेब एवढाच होता. वर्षभरात काहीही होऊ शकतं. तिचा विचार बदलेल, ती लग्न करेल. नाहीतर तो तरी मरेल.

"पापा, लाल जोडी कशाला घेतलीस बरोबर?" बुर्गीनं विचारलं. "मी नको म्हटलं होतं."

"असू दे. ऐन वेळी वाटलं तर."

"मला नाही वाटणार."

"बर्फ टणक आहे आज. चार दिवस नवा पडलेला नाही. अरुंद स्की पटकन एका कडेवरून दुसऱ्या कडेवर येते. वळणं कशी सुईनं टाके घातल्यासारखी पडतात. परीक्षकाला वळणं दिसतात, बाकी काही दिसत नाही."

"आणि मागच्या कड्याखाली गुडघाभर बर्फ साचलाय तिथं? तिथं तुझी लाल सुई बुडून जाईल. मग मी काय करू, पोहू?"

"पोहता येतं तुला."

"पापा!"

तो हसला. ती नाही हसली.

"दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तू काय सांगतोस?" ती म्हणाली. "एकच जोडी द्या, लाटलेल्या उतारावर पण चालेल आणि मोकळ्या बर्फात पण, असं कुणी म्हटलं की तू म्हणतोस, दोन्हीकडे चालणारी म्हणजे दोन्हीकडे थोडी थोडी रडणारी."

"खोटं आहे का?"

"खरं आहे. पण त्यांच्यासाठी. त्यांना मजा करायची असते. मोकळ्या बर्फात हवी तर रुंद घ्या, तरंगाल. लाटलेल्यावर हवी तर अरुंद घ्या, चावेल. ते निवडू शकतात. आम्हाला निवडता येतं का? माणूस वर मोकळ्या बर्फात मोडून पडलेला असतो. त्याला घसरगाडीत घालायचं, दांडे हातात धरायचे, भुसभुशीत बर्फातून खाली आणायचं आणि मग गोठलेल्या उतारावरून थेट गावापर्यंत. मधे थांबून स्की बदलत बसू? मधलीच लागते. दोन्हीकडे रडली तरी चालेल, पण दोन्हीकडे असायला पाहिजे."

कासिआननं मांडीवरचा चुरा झटकला. राखाडी जोडी त्यानंच भिंतीवरून काढून तिच्या हातात दिली होती, नोव्हेंबरात, ती दोन्हीकडे कशी चालेल हे सांगून. पुढचं टोक किंचित वर वळलेलं, म्हणजे मोकळ्या बर्फात नाक खुपसणार नाही. पायाखाली आतून लाकडाचा गाभा भक्कम, म्हणजे टणक बर्फावर थरथरणार नाही. लांबी तिच्या कपाळापर्यंत, त्याहून एक बोट जास्त नाही. तेव्हा ती पथकात जाणार हे त्याला माहीत नव्हतं.

तो स्वतः पथकात होता, बुर्गीच्या जन्माआधीपासून. सोडलं त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटी त्यानं बर्फाखालून काढले ते शाळेचे मास्तर, ज्यांच्याबरोबर तो दर रविवारी पत्ते खेळायचा. बर्फात हात घातला की माणूस कुठला आणि नुसतं जाकीट कुठलं, हे हाताला कळतं. मास्तरांच्या चष्म्याची काचसुद्धा फुटलेली नव्हती. त्या दिवसानंतर कासिआन तळघरात उतरला तो तिथंच राहिला. तळघराला एकच खिडकी होती आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्या खिडकीत ऊन येत नव्हतं. स्कीच्या तळाला लावायचं मेण, ते वितळवायची इस्त्री, कानस आणि डोक्यावर दुकानात बायकोच्या पावलांचा आवाज. त्याला ते पुरत होतं. बुर्गीलाही पुरेल असं तो धरून चालला होता.

"मला झोपेतसुद्धा मेणाचा वास येतो," बुर्गी गोठलेल्या काचेवर बोटानं रेघ ओढत म्हणाली. ती त्याच्याशी बोलत होती की काचेशी, कळलं नाही. "सकाळी पोरांना शिकवायचं, तोच एक उतार, तोच दोर. संध्याकाळी तळघर. दोन वर्षांपूर्वी रस्ता नऊ दिवस बंद होता, आठवतं? गावातले सगळे कंटाळले होते. मला काही फरकच पडला नव्हता."

तेवढ्यात तिच्या खिशातला वायरलेस खरखरला.

"बुर्गी, ऐकतेस का?" सेव्हेरिनचा आवाज होता. हा माणूस वायरलेसवरही ओरडूनच बोलायचा. "डब्यात अडकलीस ना? बाप पण आहे? बरं झालं, म्हाताऱ्याला जरा हवा लागू दे."

"ऐकतोय मी," कासिआन म्हणाला.

"ऐक, ऐकायलाच म्हटलं. बुर्गी, सरावाच्या उताराची खुर्चीची लिफ्ट वाऱ्यानं बंद झालीय. तिथं आज जाता येणार नाही. तू वर आलीस की सरळ धुराड्यापासून सुरुवात करू. मी आत्ताच कडेवरून बघून आलो. वाऱ्यानं वरचा बर्फ सगळा उडवून नेलाय, खाली काच आहे काच. पण तुझ्या पायात कासिआनची धार आहे, तुला काय!"

वायरलेस बंद झाला.

धुराडं म्हणजे स्टेशनमागची घळ. दोन्ही बाजूंना खडक, मधे खोलीच्या रुंदीएवढी उभी उतरण आणि तळाशी खडकांचा दात विचकल्यासारखा उंबरा. त्या उंबऱ्याला वळसा घालून गेलं की पुढे मोकळं बर्फाचं खोरं लागतं. वळसा घालायला धार लागते. ज्याला वळता आलं नाही तो सरळ दातांवर जातो.

कासिआनच्या हातातला पाव तसाच राहिला. वारा आला. राखाडी जोडीनं काचेवर टकटक केलं.

त्याच्या खिशात लहान कानस होती आणि धारेचा दगडही. ते तो नेहमी बरोबर ठेवायचा, दुसरी माणसं किल्ल्या ठेवतात तसे. स्की हाताला लागली असती तर काहीतरी निमित्त काढून, मेण बघतो म्हणून, मुकाट्यानं धार परत घातली असती. पण स्की काचेच्या पलीकडे होत्या, वीतभर लांब, आणि डबा तारेवर असताना दार आतून उघडत नाही. वर पोचल्यावर सेव्हेरिन दारातच उभा असणार. तो स्की हातात घेऊन तिच्यावर खडूची फुली मारणार. एकदा फुली पडली की संध्याकाळपर्यंत त्या स्कीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा पथकाचा जुना नेम.

"लाल घे," तो म्हणाला.

"पुन्हा तेच?"

"बुर्गी, मी सांगतो म्हणून घे. काच आहे म्हणाला ना तो. लाल घे."

"आणि खाली खोऱ्यात?"

"खोऱ्यात बुडालीस तर नापास होशील. नापास हो."

"का म्हणून?" ती त्याच्याकडे नीट बघायला लागली. "तुझ्या कपाळावर घाम का आलाय? इथं श्वासाचा बर्फ होतोय."

"काही नाही. मांस खारट होतं."

"पापा."

डबा झुलत होता. खालून कुठूनही कसला आवाज येत नव्हता, यंत्राचासुद्धा. आयुष्यभर कासिआनला बंद जागा आवडली होती, आणि आज या चार जणांच्या डब्यात त्याला हात ठेवायला जागा सापडेना. त्यानं पाव रुमालात गुंडाळला. रुमालाची गाठ मारली. मग सोडली.

"राखाडीला धार नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"काल मी काढली. चारही कडा. पुढून मागेपर्यंत."

ती हसायला लागली. हा माणूस काहीतरी थट्टा करतोय, असं तिला वाटलं. मग तिचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं, जसं एखादं भांडं विसळायचं राहतं.

"तू काढलीस."

"सरावाच्या उतारावर घसरली असतीस. तेवढंच. लागलं पण नसतं तुला. सेव्हेरिननं पुढच्या वर्षी ये म्हटलं असतं. मला काय माहीत लिफ्ट बंद पडेल म्हणून!"

"तुला काय माहीत," ती म्हणाली.

"तुला बर्फाखाली हात घालावा लागू नये म्हणून केलं. तुला माहीत नाही ते कसं असतं."

"नाही माहीत. कारण तू कधी सांगितलंच नाहीस. एकदासुद्धा. तू नुसता तळघरात जाऊन बसलास आणि मलाही आत ओढून घेतलंस." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागत होता. "गावात कुणी तुझ्या स्कीवर नख ओढत नाही, पापा. मी तर तुझी मुलगी. मला ओढायची हिंमतच नव्हती. तू त्याचाच फायदा घेतलास?"

"हो."

ती उठली. उठून जाणार कुठे? दोन पावलांत भिंत. ती त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्यापासून तिरक्या कोपऱ्यात जाऊन बसली. तेवढंच अंतर त्या डब्यात मिळण्यासारखं होतं. तिनं तोंड काचेकडे केलं. कासिआन तिच्या टोपीखालून दिसणाऱ्या मानेकडे बघत राहिला. रुमालातल्या पावाचा वास डबाभर पसरला होता आणि त्या वासाची त्याला शरम वाटत होती.

मग हिसका बसला, तार कुरकुरली आणि डबा वर सरकू लागला.

"कानस आहे?" तिनं काचेकडेच बघत विचारलं.

"आहे. दगड पण आहे. मी पटकन..."

"तू नाही. मी. तू फक्त धरायचं."

वरच्या स्टेशनात सेव्हेरिन दारात नव्हता. तो घळीच्या तोंडाशी दोर बांधत होता. लिफ्टवाला गिडो तेवढा खुर्चीवर बसून चहा पीत होता. "आलात का? मला वाटलं रात्रीचं जेवण पण डब्यात," तो म्हणाला. बुर्गी त्याच्याशी न बोलता खोबणीतून राखाडी जोडी काढून बर्फाच्या यंत्राच्या शेडमागे गेली. कासिआन मागोमाग गेला, लाल जोडी उगाचच खांद्यावर घेऊन.

शेडमागे वारा कमी होता. कासिआन गुडघ्यावर बसला, स्की उभी धरून छातीशी आणि मांडीशी घट्ट आवळली. बुर्गीनं हातमोजे काढले. कानस कडेवर ठेवली आणि ओढली.

"कोन..."

"माहीत आहे मला कोन."

तिला माहीत होताच. त्यानंच शिकवला होता, आठव्या वर्षी, बाकाला हात पुरत नव्हता म्हणून खोक्यावर उभी करून. कानस खाली यायची तेव्हा प्रत्येक ओढीचा धक्का त्याच्या बरगडीत बसायचा. पोलादाचा कीस त्याच्या बाहीवर पडत होता. तिची बोटं लाल झाली, मग पांढरी. त्यानं आपले हातमोजे पुढे केले, तिनं घेतले नाहीत.

दुसऱ्या स्कीची आतली कड झाली आणि बाहेरची मागून वीतभर राहिली, तेव्हा सेव्हेरिनची हाक आली. पाठोपाठ तोही आला, दाढीत बर्फ घेऊन.

"इथं काय चाललंय? कासिआनच्या स्कीला डोंगरावर येऊन धार?"

कासिआननं तोंड उघडलं. बुर्गी आधी बोलली.

"डब्यात वाऱ्यानं काचेवर घासत होत्या. उगाच शंका नको म्हणून."

सेव्हेरिननं स्की हातात घेतली. उलटी केली. हातमोजा काढून अंगठा कडेपर्यंत नेला, आणि मग कासिआनकडे बघून तो तसाच मागे घेतला. "छे, तुझ्यासमोर कुठे," तो म्हणाला आणि दोन्ही स्कींवर खडूनं फुल्या मारल्या. ती राहिलेली वीतभर कड फुलीच्या जवळच होती. कासिआनला ती दिसत होती, भिंतीतल्या फटीसारखी.

बुर्गी जाताना त्याच्याजवळ थांबली. "माझ्या स्कीला पुन्हा हात लावायचा नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "कधीच."

धुराड्याच्या तोंडाशी तिनं टोपी खाली ओढली आणि आत शिरली. काठावर पथकाची पाच-सहा माणसं उभी होती. त्यांना वळणं दिसत होती. कासिआन मागे उभा होता, त्याला फक्त ऐकू येत होतं. ते त्याला पुरेसं होतं. चांगली कड टणक बर्फावर उभं कापड फाडल्यासारखी वाजते. डावं वळण वाजलं. उजवं वाजलं. डावं. उजव्या वळणाच्या शेवटी, स्कीचं शेपूट जिथं फिरतं तिथं, एक पोकळ घसरल्याचा आवाज यायचा, दर वेळी, तेवढ्याच जागी. ती वीतभर कड होती. तो मनात म्हणत होता, पुढच्या पायावर वजन दे, शेपटावर नको, शेपटावर नको. ती वजन पुढे देत होती की नाही ते त्याला दिसत नव्हतं.

मग आवाज थांबला.

उंबऱ्याला वळसा घालून ती मोकळ्या बर्फात शिरली तरी आवाज थांबणार, आणि वळता आलं नाही तरीही. कासिआननं लाल जोडीला दोन्ही हातांनी धरलं.

"खोऱ्यात उतरली," काठावरचा एक जण म्हणाला. "तरंगतेय बघ. छान."

कासिआन स्टेशनाच्या भिंतीला टेकला. त्याला घरी जायचं होतं. तो गिडोकडे गेला.

"खाली जाणारे डबे बंद," गिडो म्हणाला. "वारा वाढलाय. तुझ्याकडे स्की आहेत की."

"या तिच्या आहेत. बूट अडकवायची पकड तिच्या मापाची आहे. माझा बूट बसणार नाही."

"मग कशाला वाहून आणल्यास?"

कासिआन बाकावर बसला. लाल जोडी शेजारी उभी केली. पुष्कळ वेळानं बुर्गी स्कीच्या तळाला चढणीच्या कातडी पट्ट्या लावून खोऱ्यातून परत वर चढून आली, गाल लाल, भुवयांवर बर्फ. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. सेव्हेरिन मात्र त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि कंबरेवर हात ठेवले.

"शेवटचा भाग राहिलाय. घसरगाडी. जखमी म्हणून कुणीतरी झोपायला हवं. आमचा नेहमीचा जखमी खाली अडकलाय, डबे बंद. तू कसाही खाली जाऊ शकत नाहीस. झोप."

"मी?"

"वजन बरोबर आहे तुझं. जरा जास्तच आहे, पण परीक्षाच आहे."

सगळे हसले. कासिआननं बुर्गीकडे बघितलं. ती दांड्यांची खिट्टी तपासत होती.

"पेशंटची काही तक्रार असेल तर आधीच सांगा," ती म्हणाली. "वाटेत ऐकून घेत नाही."

घसरगाडी अॅल्युमिनियमची, लांबट होडीसारखी. त्यांनी त्याला घोंगडीत गुंडाळलं, हात आत, आणि पट्टे आवळले. पायावर एक, मांड्यांवर एक, छातीवर एक. छातीवरच्या पट्ट्याचं बकल डोक्यामागे असतं, जखमी माणसानं वाटेत घाबरून उठू नये म्हणून. या गाडीत त्यानं कितीतरी माणसांना बांधलं होतं. आत पडून आभाळ बघायची ही पहिलीच वेळ. आभाळ फार खाली होतं. नाकाला खाज सुटली आणि ती खाजवायला हात नव्हता.

"चल," सेव्हेरिन म्हणाला.

बुर्गी पुढे, दांड्यांमध्ये. पहिल्या उताराला गाडी सुटली. मग मोकळा बर्फ आला. सगळं मऊ झालं. गाडीच्या दोन्ही बाजूंनी बर्फ उडून त्याच्या तोंडावर येत होता आणि कसलाच आवाज नव्हता, फक्त तिचा श्वास. राखाडी जोडीची टोकं बर्फावर उचललेली राहत होती, त्याला दिसत नव्हती तरी गाडीच्या झोक्यावरून कळत होती. बुडत नव्हती ती. लाल असती तर बुर्गी केव्हाच गुडघ्यावर आली असती आणि गाडी तिच्या पाठीवर चढली असती. मास्तरांना खाली आणताना त्याच्याकडे अरुंद स्की होत्या. तो किती वेळा पडला होता, आणि दर वेळी उठून त्यानं मास्तरांच्या तोंडावरचा बर्फ पुसला होता, पुसून काही उपयोग नव्हता तरी. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"बुर्गी," तो म्हणाला.

"पेशंटनं बोलायचं नाही."

मग फरची झाडी आली, ती संपली आणि लाटलेला उतार आला, संध्याकाळच्या थंडीत गोठून निळा पडलेला. गाडी खडखडायला लागली. त्याचे दात आपटायला लागले. आता तिच्या स्की त्याच्या डोक्यापासून हातभर पुढे होत्या आणि प्रत्येक वळण त्याच्या कानात वाजत होतं. कापड फाटावं तसं. आणि उजव्या वळणाच्या शेवटी ती पोकळ जागा. दर वेळी गाडी तिथं किंचित बाहेर फेकली जाई आणि दर वेळी ती दांडे ओढून तिला आत घेई. त्यानं केलेली चूक ती हातांनी भरून काढत होती, एकेका वळणाला, त्याच्याच वजनासकट. त्याला ओरडावंसं वाटलं. बांधलेल्या माणसानं ओरडून काय होणार. तो ऐकत राहिला.

गावाच्या कडेला चर्चपाशी गाडी थांबली. लोक जमले होते. कासिआनची बायको दुकानाचा एप्रन तसाच लावून आली होती. "अगं बाई, हा कसा काय गाडीत?" ती म्हणाली, आणि सगळे हसले.

सेव्हेरिन मागून उतरला. त्यानं बुर्गीच्या खिशातला उसना वायरलेस काढून घेतला आणि आपल्या पिशवीतून नवा काढून तिच्या हातात दिला, तिच्या नावाची पट्टी लावलेला. "हा उशाशी ठेवायचा. जेवताना, झोपताना. वाजला की निघायचं."

वायरलेस एकदा खरखरला. आता तो आवाज आपल्या घरात राहणार, हे कासिआनला पडल्या पडल्या कळलं.

बुर्गीनं स्की काढल्या. एक उचलून उलटी केली, हातमोजा दातांनी ओढून काढला आणि सगळ्या गावासमोर कडेवरून नख ओढलं, पुढून मागे, सावकाश.

हसणं थांबलं. कुणीतरी हलक्या आवाजात "अरे देवा" म्हटलं. सेव्हेरिन पुढे झाला. "अगं, काय करतेस? बापाच्या हातची..."

"बघू दे तिला," कासिआन गाडीतून म्हणाला. सगळ्यांनी खाली वाकून त्याच्याकडे बघितलं. "बघायलाच पाहिजे. सगळ्यांनीच बघत जा आता."

नखाचा पांढरा भुगा मागपर्यंत निघत आला आणि शेवटच्या वीतभर जागेत थांबला. बुर्गीनं तिथं बोट ठेवलं, जरा वेळ ठेवलं, आणि स्की खांद्यावर घेतली. मग खाली बसून तिनं त्याच्या पायांवरचा पट्टा सोडला, मांड्यांवरचा सोडला. छातीवरच्या पट्ट्याच्या बकलापर्यंत तिचा हात गेला आणि तिथं थांबला.

"तिकडं वर काय म्हणत होतास?" तिनं विचारलं. "बुर्गी म्हणालास, मोकळ्या बर्फात."

"मास्तरांचं," तो म्हणाला. "त्यांना आणलं तेव्हाचं. सांगतो. सोड आधी."

"आधी सांग," ती म्हणाली, आणि बर्फात त्याच्या डोक्याशी मांडी घालून बसली.